आमची लेक ‘मिश्र गटात’ बसत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मराठी शाळेचे शिक्षक

स. न. वि. वि.

मंडळाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेलच. अमेरिकेतल्या आणखी चार मंडळांना ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तरी माझी काही हरकत नाही.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर गणेशोत्सवातल्या स्पर्धांचं पत्रक आलं. कथाकथनाचे वयोगट नेहमीचेच होते. त्याखाली एक नवी ओळ होती: ‘मिश्र कुटुंबातील मुलांसाठी स्वतंत्र गट (वयाची अट नाही).’ खाली पटापट अंगठे पडले, कुणी हात जोडले, एकांनी तर ‘स्तुत्य उपक्रम’ असंही लिहिलं. आपल्या शाळेत अशी मुलं मोजून तीन आहेत. एक चार वर्षांचं, एक तेरा वर्षांचा आणि तिसरी आमची नऊ वर्षांची लेक. म्हणजे तिघांत तीन बक्षिसं. कुणी रडायला नको आणि कुणी जिंकायलाही नको.

हेतू वाईट नव्हता, हे मला ठाऊक आहे. मी फोन केला तेव्हा, “वहिनी, तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणूनच केलं. बाकीच्यांच्या घरात दोघंही मराठी बोलतात ना,” असं मला सांगण्यात आलं. या काळजीच्या मुळाशी गेल्या वर्षीचा प्रसंग आहे. तो आता सगळीकडे थोडा थोडा बदलून सांगितला जातोय, म्हणून एकदा मीच सांगते.

लेकीने तिच्या वेलिताच्या घरची गोष्ट सांगितली होती. वेलिता म्हणजे आजी, माझ्या मेक्सिकन-अमेरिकन सासूबाई. पुस्तकातला स्पॅनिश शब्द आबुएलिता, पण दक्षिण टेक्सासात घासून घासून त्याचं वेलिता झालंय, आपल्याकडे वहिनीसाहेबांचं वैनीसाब होतं तसं. सासूबाईंचं घर सॅन अँटोनियोच्या वेस्ट साइडला आहे. दर वर्षी १ आणि २ नोव्हेंबरला तिथे गेलेल्या माणसांसाठी ओटा मांडतात. त्यावर फोटो, मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा पेला आणि ज्याला जे आवडायचं ते ताटलीत. आजोबांसाठी तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आणि काळी कॉफी. या सगळ्याभोवती झेंडूच झेंडू. लेक रंगात येऊन सांगत होती, आणि सांगता सांगता म्हणाली, “मग मी झेंडूची मोठी माळ करली.”

सभागृह हसलं. प्रेमानेच हसलं असेल. ती थांबली, खाली बघितलं आणि उरलेली गोष्ट इतक्या घाईने संपवली की आजोबांची कॉफी राहूनच गेली. नंतर बक्षीस देताना परीक्षक माइकवर म्हणाले, “अर्धी असूनही किती छान बोलते!” पुन्हा टाळ्या.

परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग बोटं मोजत म्हणाली, “हसली, बसली, पडली, उठली. मग करली का नाही?”

सोलापुरात बारावीपर्यंत मराठी शिकलेल्या मला याचं उत्तर देता आलं नाही. नियम तिने बरोबर लावला होता. आडवाट धरली ती भाषेने. कर-केली, जा-गेली, ये-आली ही भाषेने लाडावून ठेवलेली क्रियापदं. ज्या पोराने नुसती ऐकीव वाक्यं पाठ केलीत ते अशी चूक करत नाही. ज्याच्या डोक्यात भाषेचं यंत्र सुरू झालंय तेच करतं. तसंही ‘मी येईन’च्या जागी ‘मी येईल’ म्हणणारा निम्मा महाराष्ट्र आहे. त्याला कुणी मिश्र गटात बसवलेलं मी पाहिलं नाही.

गाडी चालवणारा तिचा बाप मात्र हसू लागला. म्हणाला, ही तर आमची ‘नो साबो’ झाली! स्पॅनिशमध्ये ‘मला माहीत नाही’ म्हणायचं तर ‘नो से’. पण ‘खाणे’चं ‘मी खातो’ ज्या नियमाने होतं तोच नियम ‘जाणणे’ला लावला की ‘नो साबो’ तयार होतं. बरोबर आमच्या ‘करली’सारखं. अमेरिकेतल्या ज्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडच्या मुळाच्या, पोरांना धड स्पॅनिश येत नाही त्यांना ‘नो साबो किड्स’ म्हणतात, आणि म्हणणारे गोरे नसतात. घरचेच असतात. मामा, मावशा, चुलतभाऊ, सुट्टीत भेटलेली मेक्सिकोतल्या मोंतेर्रेची पाहुणेमंडळी.

हे पत्र लिहायला बसले ती यासाठी. भाषेच्या राखणीला लाज बसवली की काय होतं, ते मी ज्या घरात लग्न करून आले त्या घराने तीन पिढ्या पाहिलंय. तुम्ही त्याची सुरुवात करताय, आणि तेही मराठी टिकवायला निघालेली चांगली माणसं म्हणून करताय.

माझ्या सासूबाई १९५०च्या दशकात शाळेत गेल्या. टेक्सासात तेव्हा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवायला कायद्याने बंदी होती, १९१८ पासून. पण शिक्षा वर्गापुरती नव्हती. मधल्या सुट्टीत, मैदानावर, मैत्रिणीच्या कानात जरी स्पॅनिश शब्द निघाला तरी पट्टी, नाहीतर शाळा सुटल्यावर थांबून ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ हे वहीत पानभर. ही एका वाईट शाळेची गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या अनेक शाळांत हेच चालायचं. सरकारच्या नागरी हक्क आयोगाने १९६८च्या डिसेंबरात सॅन अँटोनियोमध्येच सुनावणी घेतली, तेव्हा ते राजरोस कागदावर आलं. त्याच वर्षी मे महिन्यात वेस्ट साइडच्या एजवूड हायस्कूलची पोरं वर्ग सोडून रस्त्यावर उतरली होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पश्चिम टेक्सासात मार्फाला गेलो होतो. तिथे ब्लॅकवेल स्कूल नावाची मातीच्या विटांची जुनी शाळा आहे, फक्त मेक्सिकन मुलांसाठी असलेली. १९५४ साली तिथल्या शिक्षकांनी एक कार्यक्रम केला. मुलांकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका खोक्यात भरल्या, झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा खणला आणि ते खोकं पुरलं. ‘मिस्टर स्पॅनिश’चं दफन! मुलांना रांगेत उभं करून हे दाखवलं. यात मारझोड नव्हती, आरडाओरडा नव्हता. छानसा शालेय कार्यक्रम होता तो. बहुधा कुणाला ‘स्तुत्य उपक्रम’ही वाटला असेल. शाळा १९६५ मध्ये बंद झाली. २००७ मध्ये म्हातारे झालेले माजी विद्यार्थी परत जमले आणि त्यांनी प्रतीक म्हणून स्पॅनिश शब्दकोश जमिनीतून उकरून काढला. २०२२ मध्ये कायदा होऊन ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली.

सासूबाई त्या खांबापाशी उन्हात बराच वेळ उभ्या होत्या. मी पाण्याची बाटली दिली तेव्हा एवढंच म्हणाल्या, “आमच्याकडे नुसती पट्टी होती. पुरलं नाही कुणी.” आपल्या पाचही मुलांशी त्या इंग्रजीत का बोलल्या, हे मी लग्नाच्या नव्या नवलाईत विचारलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या: मार माझ्यापाशी थांबावा म्हणून.

मार थांबला. पण पोरं मोंतेर्रेला चुलत आजोबांकडे गेली, तेव्हा तिथल्या भावंडांनी माझ्या नवऱ्याला ‘पोचो’ म्हणून चिडवलं. पोचो म्हणजे रंग विटलेला, नासत चाललेल्या फळासारखा. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने स्पॅनिशमध्ये तोंडच उघडलं नाही. कळतं सगळं. आजही दुकानात कुणी स्पॅनिशमध्ये विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो आणि कान लाल होतात. वय बेचाळीस.

बोललं म्हणून आईला पट्टी, बोलता येत नाही म्हणून मुलाला टोमणा. आणि हा एकट्या माझ्या नवऱ्याचा अनुभव नव्हे. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, स्पॅनिश न येणाऱ्या किंवा जेमतेम येणाऱ्या लॅटिनोंपैकी ५४ टक्के लोकांनी सांगितलं, की दुसऱ्या लॅटिनो माणसानेच आपल्याला त्यावरून कमीपणा आणला. गंमत म्हणजे त्याच पाहणीत ७८ टक्के लॅटिनो म्हणतात, लॅटिनो असायला स्पॅनिश यायलाच हवं असं काही नाही. तत्त्व सगळ्यांना पटतं. टोमणा तोंडातून तरीही जातो.

आपल्यावर असली पट्टी कधी चाललीच नाही, असं तुम्ही म्हणाल. पुण्यातल्या एका इंग्रजी शाळेत माझ्या भाच्याकडून मराठी बोलल्याबद्दल शब्दामागे रुपया दंड घेत असत, आणि माझी बहीण तो डब्यासोबत सुटे पैसे देऊन भरत असे. हौसेने. तेव्हा इथे सातासमुद्रापार बसून एका नऊ वर्षांच्या पोरीच्या ‘करली’वर आपण शुद्धतेचा अंकुश धरायचा, हे जरा जास्तच होतं.

माझा नवरा रविवारी मराठी शाळेत मागच्या बाकावर बसलेला तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. बरेच जण त्याला कौतुकाने ‘जावईबापू’ म्हणतात, बाकीचे ‘हाय’ म्हणतात. तीन वर्षांत तो एकही रविवार चुकलेला नाही. बाराखडी शिकला, ‘ळ’ अजून जमत नाही. इतका हट्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, माझ्या घरातली एक भाषा माझ्या तोंडाशी येऊन थांबली, हिच्या तोंडाशी निदान दुसरी तरी थांबू नये. परवा ते पत्रक मी त्याला भाषांतर करून वाचून दाखवलं. ‘मिश्र’चं भाषांतर करताना अडखळले, तर तो म्हणाला, राहू दे, कळलं.

“हे लोक मेक्सिकोहून कधी आले?” हा प्रश्न मंडळाच्या जेवणात मला दर वर्षी येतो, म्हणून त्याचंही उत्तर देऊन टाकते. सासऱ्यांकडचे १९१०च्या क्रांतीच्या धामधुमीत आले. सासूबाईंकडचे कुठूनच आले नाहीत. सॅन अँटोनियो वसलं १७१८ मध्ये, स्पॅनिश अमलात. मग मेक्सिको झाला, मग टेक्सास वेगळा झाला, मग तो अमेरिकेत गेला. माणसं होती तिथेच होती. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं,’ असं तिकडे म्हणतात. आपल्यात बेळगाव-निपाणीची तीन कुटुंबं आहेत. त्यांना याचा अर्थ समजावत बसायची गरज नाही.

आणि ‘त्यांचं’ आणि ‘आपलं’ यातली भिंत तरी किती जाड आहे? सासूबाईंच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा गेले, तेव्हा कोपऱ्यात पाटा-वरवंटा! तीन पायांचा, काळ्या दगडाचा, त्यांच्या आजीचा. त्याला मेताते म्हणतात. शेजारी खलबत्ता. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा, वाटायचा आणि त्याच्या भाकऱ्या तव्यावर टाकायच्या. माझी आजी सोलापुरात पानाला लावायची तो चुना यांच्या भाकरीत जातो, एवढाच काय तो फरक. सासूबाईंनी पहिली तोर्तिया हातावर थापली तेव्हा मला परदेशात आल्यासारखं वाटलंच नाही.

पुढचं तर आणखी मजेचं. आषाढीला आमच्याकडे पहिल्यांदा उपासाचं ताट केलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची. नवरा ताटाकडे बघत म्हणाला, हे तर सगळं आमच्या खंडातलं आहे! मी वाद घालायला गेले आणि हरले. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची सगळं तिकडचं, पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात आपल्याकडे आलेलं. पंढरीच्या विठोबाला जे चालतं ते ताट ‘मिश्र’ नव्हे, जवळजवळ पूर्ण परकं आहे. शेंगाचटणीवर तर आमच्या सोलापूरची अस्मिता उभी आहे. तिच्यातून शेंगा आणि तिखट काढून घेतलं तर मागे लसूण-मीठ उरतं. आणि झेंडू? दसऱ्याला दाराला तोरण बांधतो तो झेंडू मूळ मेक्सिकोचा. लेकीने ज्या माळेची गोष्ट सांगितली आणि तुम्ही हसलात, ती माळ दोन्ही घरची होती. ती वेलिताकडे पितरांना घालते आणि आमच्याकडे दाराला बांधते. तिला यात अर्धं काही दिसत नाही.

मी ज्या सोलापुरात वाढले तिथे माझी बाकावरची मैत्रीण पद्मशाली होती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी-दखनी, आणि शेजारच्या लिंगायत काकूंशी मोडकं कन्नड. तिच्या आईची मराठी ऐकून आम्हीही कधी हसलो असू, खोटं कशाला बोलू. पण निबंध स्पर्धेत तिला वेगळ्या गटात बसवावं हे आमच्या बाईंच्या मनातही आलं नाही. ती पहिली यायची. मी दुसरी यायचे, आणि त्याचा मला राग यायचा. तो राग तिला मी दिलेला मान होता, हे आता कळतं.

आपल्याकडची माणसं लॅटिनो घरात गेली ती काही माझ्यापासून नव्हे. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात शेतावर राबायला आलेले पंजाबी एकटेच होते. १९१७च्या कायद्याने आशियातून येणं बंद झालं, गावाकडून बायका आणता येईनात, गोऱ्या बाईशी लग्न कायद्याला मंजूर नव्हतं. मग इंपीरियल व्हॅलीत त्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कचेरीतल्या कारकुनाला दोघं सारखेच सावळे दिसायचे, तो परवाना देऊन टाकायचा. अशी काही शे कुटुंबं झाली. मुलं आईशी स्पॅनिश बोलायची, चर्चमध्ये जायची, बापाच्या हातची रोटी खायची. १९६५ नंतर कायदा सैल झाला आणि भारतातून नवे पंजाबी आले. त्यांच्यातल्या अनेकांनी या मुलांना आपलं मानलं नाही. ती मुलं मग कुठे गेली? गुरुद्वारात फारशी नाही गेली, एवढं खरं.

कागदावरच्या चौकटींचंही सांगते, कारण पत्रक करणाऱ्यांना चौकटी आवडतात. १९३०च्या अमेरिकन जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश होता. पुढच्या वेळी तो काढला. १९७० मध्ये आपल्याला, म्हणजे भारतीयांना, गोऱ्यांत मोजलं. १९८० मध्ये हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचं, असण्याचा प्रश्न घरोघरच्या फॉर्मवर आला आणि त्याच फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ ही आपली चौकटही आली. २००० पासून माणसाला वंशाच्या एकाहून जास्त चौकटींवर खूण करता येते. २०२४च्या मार्चमध्ये तर वंश आणि हिस्पॅनिक हे दोन प्रश्न एकत्र करून हव्या तितक्या खुणा करा असं ठरलं. अमेरिकन सरकारी फॉर्म, ज्याच्याइतकं निर्बुद्ध जगात काही नाही अशी आपल्या सगळ्यांची खात्री आहे, त्यालाही एका माणसात दोन गोष्टी पूर्ण असू शकतात हे पंचवीस वर्षांपूर्वी सुचलं. मंडळाने मात्र ‘इतर’ची चौकट नव्याने शोधून काढली.

मराठी शाळेतल्या सगळ्यांवर मी रागावलेली नाही. रविवारच्या वर्गात लेक पुन्हा एकदा म्हणाली, “मी चित्र करली.” तिच्या बाई म्हणाल्या, “हो? चित्र केलंस? कुणाचं केलंस?” लेक म्हणाली, “मांजराचं केलं.” झालं. लिंगासकट दुरुस्त, आणि कुणाला कळलंही नाही. त्या बाईंना यंदा परीक्षक करा. गुणपत्रिकेत ‘शुद्ध उच्चार व व्याकरण’ला वीस गुण आहेत ते असू देत. लेकीचे त्यातले कापायचे तर खुशाल कापा, पण तिच्या वयाच्या मुलांसोबत कापा. हरली तर रडेल, घरी येऊन माझ्याशी भांडेल, पुढच्या वर्षी जिंकायचं ठरवेल. तो तिचा हक्क आहे. तिघांतलं तिसरं बक्षीस तिला नको.

प्रवेशअर्ज सोबत पाठवत आहे. गटाच्या रकान्यात ‘वय ८ ते १०’ एवढंच लिहिलंय. मोदकांचे नारळ दर वर्षीप्रमाणे आम्ही आणू. सासूबाईही येणार आहेत. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची ठेवावी, गुडघे दुखतात.

कळावे, लोभ असावा.

आपली,
रविवारच्या वर्गातली एक आई

ता. क. गोष्ट गेल्या वर्षीचीच सांगणार आहे. आजोबांची कॉफी राहून गेली होती.